चौदा नंबरच्या पुतळ्यापाशी सगळं लिहा : सिनसिनाटी रेड्सना खुलं पत्र

प्रति,
मालक आणि व्यवस्थापन,
सिनसिनाटी रेड्स बेसबॉल क्लब,
सिनसिनाटी, ओहायो

स. न.

१४ मे २०२५च्या रात्री तुम्ही तुमचे दिवंगत बेसबॉलपटू पीट रोज यांच्या नावाने कार्यक्रम केलात, तेव्हा आम्ही तिघं वरच्या मजल्यावर बसलो होतो. मैदानापलीकडे ओहायो नदी दिसत होती. आजूबाजूचे लोक पीटचं नाव घेत होते, काही म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या मुलीच्या अंगात लाल जर्सी होती आणि पाठीवर पीटचाच १४ आकडा. ती जर्सी आम्ही तिला जरा मोठीच घेतली होती, चार-पाच वर्षं पुरावी म्हणून. धुऊन धुऊन चारच्या उभ्या रेघेला आता तडा गेलाय.

सामना संपल्यावर घरी येताना ती मागच्या सीटवर फोनवर काहीतरी वाचत होती. आमच्या मेसन उपनगराचा फाटा यायच्या आधी तिने विचारलं, "आई, त्या मुलीबद्दल कुणीच काही कसं बोललं नाही?" मी विचारलं, कुठली मुलगी? तिने वाचून दाखवलं. मला ते आधीपासून माहीत होतं. तिला मात्र त्या रात्री पहिल्यांदा कळलं, आणि तिचं वय तेव्हा चौदा होतं. मी गाडी चालवत राहिले. उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं. ते उत्तर तुम्ही द्यायला हवं, म्हणून हे पत्र.

याची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर टपालाने पाठवली आहे. मराठीत अशासाठी लिहिते आहे, की मेसन आणि वेस्ट चेस्टरमधली कितीतरी मराठी घरं उन्हाळ्यात तुमच्या मैदानावर येतात, मुलांना तुमच्या टोप्या घालतात, पुतळ्यापाशी फोटो काढून सांगली-साताऱ्याला आजी-आजोबांना पाठवतात. आपण कोणाशेजारी उभं राहून फोटो काढतो, हे त्यांनाही कळावं.

आधी माझं नातं सांगते. २००४ साली मी लग्न होऊन इथे आले तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शाळेत असताना मी खो-खो खेळलेली आहे, जिल्ह्यापर्यंत. त्यामुळे पीट रोजची जुनी चित्रफीत पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हा खेळाडू लगेच कळला. दोन्ही हात पुढे, छाती जमिनीला समांतर, टोपी मागे उडालेली, आणि माणूस हवेत. आम्ही याला सूर मारणं म्हणतो. मातीवर सूर मारताना कोपरं सोलून निघतात, आणि जो एकदा सोलून निघाल्यावरही दुसऱ्यांदा मारतो तोच खरा. हा माणूस चोवीस वर्षं तसा खेळला. चेंडू टाकणाऱ्याने चार चेंडू बाहेर टाकले की फलंदाजाला पहिला बेस, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. बाकीचे खेळाडू सावकाश चालत तिथे जातात, हा धावत जायचा.

१७ जून २०१७ला तुम्ही प्रवेशद्वारापाशी त्याचा ब्राँझचा पुतळा बसवलात, अगदी तसाच, हवेत सूर मारलेला. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती पुतळ्याशेजारी पोटावर आडवी झाली, हात पुढे ताणले, आणि मी फोटो काढला. तो मी गावी पाठवला. आईने तो फ्रिजवर लावला.

त्याच्या खेळाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. ४,२५६ हिट्स, म्हणजे चेंडू मारून बेस गाठलेले फटके. इतक्या हिट्स आजवर कोणाच्या नाहीत. ३,५६२ सामने, तेही सगळ्यांत जास्त. ११ सप्टेंबर १९८५ला, याच नदीकाठच्या जुन्या रिव्हरफ्रंट स्टेडियमवर, त्याने हिट्सचा जुना विक्रमवीर टाय कॉबला मागे टाकलं. आपल्याच शहराच्या पश्चिम भागातला, वेस्टर्न हिल्स शाळेतला मुलगा, ज्याच्या अंगात उपजत ताकद किंवा वेग फार नव्हता, तो केवळ जिद्दीवर इथवर गेला. या शहराला त्याचं प्रेम का वाटतं ते मला पुरतं समजतं. मलाही ते वाटलं होतं. म्हणूनच हे लिहिताना त्रास होतोय.

आता ज्या गोष्टी त्या रात्री तुम्ही बोलला नाहीत, त्या बोलते.

पहिली, सट्ट्याची. बेसबॉलचा एकविसावा नियम प्रत्येक संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये भिंतीवर लावलेला असतो. ज्या सामन्यात तुमचं काही कर्तव्य आहे त्या सामन्यावर पैसे लावलेत, तर कायमचे बाहेर. रोज यांनी तो नियम हजारो वेळा पाहिला असेल. बेसबॉलने चौकशीला नेमलेले वकील जॉन डाउड यांच्या १९८९च्या अहवालात नोंद आहे की १९८७ साली, तुमच्या संघाचे मॅनेजर, म्हणजे संघ चालवणारे प्रशिक्षक असताना, त्यांनी तुमच्याच किमान ५२ सामन्यांवर पैसे लावले. २४ ऑगस्ट १९८९ला बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे प्रमुख, बार्ट जियामाटी यांनी त्यांना बाहेर काढलं. पुढे २०१५ साली त्यांच्या सट्ट्याच्या एका वहीतल्या नोंदी उजेडात आल्या, त्यात १९८६ साली खेळाडू असतानाचे सट्टेही होते.

"पण तो स्वतःच्या संघाविरुद्ध कधी लावत नव्हता," असं मला तुमच्या गर्दीतले लोक सांगतात. विरुद्ध लावल्याचा पुरावा नाही, हे खरं. पण मॅनेजरने स्वतःच्या संघाच्या बाजूने लावलेला पैसाही खेळ नासवतो. आज पैसे लावलेत म्हणून दमलेल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, आजच शेवटपर्यंत वापरायचं, उद्याचं उद्या. आणि ज्या दिवशी तो लावत नाही, त्या दिवशी बुकीला आपोआप कळतं की आज मॅनेजरलाच खात्री नाही. शिवाय बुकीची उधारी थकली की तो माणूस आपला राहत नाही.

हे मी कुठल्या अहवालात वाचून सांगत नाही. माझे मोठे काका इचलकरंजीत यंत्रमागावर होते. मटका खेळायचे. रोज संध्याकाळी पानपट्टीवर ओपनचा आकडा, रात्री क्लोजचा. कागदाचा तो बोटभर तुकडा ते घड्याळाच्या पट्ट्याखाली दाबून ठेवायचे. मला सूर मारायला शिकवला तो त्यांनीच, गिरणीमागच्या मोकळ्या जागेत, संध्याकाळची पाळी सुटल्यावर. आम्हा सगळ्या पोरांचा जीव होता त्यांच्यावर. आणि त्यांनीच आजीच्या पाटल्या मोडल्या. दोन वर्षं ते सांगत राहिले की पाटल्या सोनाराकडे दुरुस्तीला दिल्यात. आजी दर सणाला विचारायची, आल्या का रे? ते म्हणायचे, पुढच्या आठवड्यात.

दुसरी गोष्ट तीच, खोटं बोलण्याची. रोज यांनी १९८९पासून २००४पर्यंत, पंधरा वर्षं, आपण बेसबॉलवर पैसे लावलेच नाहीत असं सांगितलं. कबूल केलं ते आत्मचरित्राच्या वेळी. त्या पंधरा वर्षांत या शहरातल्या साध्या माणसांनी त्यांच्यासाठी भांडणं केली, डाउड यांना खोटारडं ठरवलं, जियामाटी यांना दोष दिला. जियामाटी बंदीनंतर आठवड्याभरातच, १ सप्टेंबर १९८९ला, हृदयविकाराने गेले. त्यांचं म्हणणं खरं होतं, हे आरोपीने मान्य केलेलं पाहायला ते राहिले नाहीत. मधल्या काळात, १९९० साली, खोटी करविवरणपत्रं भरल्याबद्दल रोज पाच महिने तुरुंगात होते. त्याची शिक्षा त्यांनी भोगली, तो हिशेब संपला. मी तो पुन्हा उकरत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मुलीने विचारलेली.

जुलै २०१७च्या अखेरीस न्यायालयात दाखल झालेल्या कागदपत्रांत एका स्त्रीचं शपथपत्र होतं. तिने म्हटलं होतं की १९७३मध्ये रोज यांनी तिला फोन केला तेव्हा ती चौदा किंवा पंधरा वर्षांची होती, आणि तिच्या सोळाव्या वाढदिवसाआधीच याच शहरात त्यांचे शरीरसंबंध सुरू झाले. रोज यांनी संबंध नाकारले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की ते १९७५ साली सुरू झाले आणि ती सोळाची आहे असं आपल्याला वाटत होतं. ओहायोत सोळा हे संमतीचं कायदेशीर वय. १९७५ साली रोज चौतीस वर्षांचे होते, लग्न झालेले, दोन मुलांचे बाप. गुन्हा नोंदवला गेला नाही, इतक्या वर्षांनी तो नोंदवताही आला नसता. म्हणजे न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेलं नाही, हे मी इथे स्पष्ट लिहिते. पण त्यांनी स्वतः जेवढं मान्य केलं, तेवढंच घ्या. चौतीस वर्षांचा, अख्ख्या शहराचा लाडका माणूस आणि शाळकरी वयाची मुलगी.

तारखा पाहा. पुतळा १७ जूनला बसला, शपथपत्र सहा आठवड्यांनी बाहेर आलं. म्हणून पुतळ्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. २०१६ साली तुम्ही १४ नंबर कायमचा राखून ठेवलात, त्याबद्दलही नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. पण त्याच आठवड्यात फिलाडेल्फिया फिलीज संघाने काय केलं? त्यांच्या सन्मानभिंतीवर रोज यांचं नाव लागायचं होतं, तारीख ठरली होती. त्यांनी तो समारंभ रद्द केला. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२२मध्ये, १९८०च्या विजेत्या संघाच्या सोहळ्यासाठी त्याच फिलीजनी त्यांना पुन्हा बोलावलं, आणि तिथे एका महिला पत्रकाराने विचारलं, की तुमच्या इथे येण्याने स्त्रियांना चुकीचा संदेश जातो असं म्हणणाऱ्यांना काय सांगाल? उत्तर मिळालं, "त्याला पंचावन्न वर्षं झाली, बेब." आपलं काम करत असलेल्या बाईला, सगळ्यांसमोर, "बेब".

हे सगळं २०२५च्या मे महिन्यात तुमच्यासमोर होतं. २०१७ साली नव्हतं, पण आता होतं. नोव्हेंबर २०२४मध्ये त्यांना श्रद्धांजली वाहायला तुम्ही स्टेडियम खुलं ठेवलंत, चौदा तास लोक रांगेने येत राहिले. ते योग्यच होतं. शोक करणाऱ्यांना शोक करू द्यावा, तिथे हिशेब काढू नयेत. मरणान्तानि वैराणि, असं आमच्याकडे म्हणतात, आणि माझं त्या माणसाशी कधी वैर नव्हतंच. पण मे महिन्यातला कार्यक्रम हा शोक नव्हता, तो गौरव होता, आणि त्याची तिकिटं विकली गेली. त्या गौरवात १४ हा आकडा किती प्रेमाने फिरवला गेला! त्या शपथपत्रातही तो आकडा आहे, हे तुमच्यापैकी एकालाही आठवलं नाही?

ती स्त्री हयात असेल तर आता साधारण सहासष्ट-सदुसष्ट वर्षांची असेल. कदाचित याच शहरात राहत असेल. तुमच्या मैदानाजवळच्या एका रस्त्याचं नावच पीट रोज वे आहे. तिला कामासाठी त्या रस्त्याने जावं लागत असेल का, याचा विचार मी गेल्या काही महिन्यांत अनेकदा केला.

चौथी गोष्ट पैशाची. १ जानेवारी २०२३ला ओहायोत खेळांवरचा सट्टा कायदेशीर झाला, आणि सिनसिनाटीच्या कसिनोत पहिला सट्टा लावायला कोणाला बोलावलं? पीट रोज यांना. त्यांनी तुमच्या संघावर पैसे लावले. तो कार्यक्रम तुमचा नव्हता, हे मला माहीत आहे. पण सट्ट्याच्या जाहिराती आता आमच्या मुलांना सामन्यात जागोजागी दिसतात. माझ्या मुलीच्या वर्गातली मुलं जेवणाच्या सुट्टीत, पुढचा बॉल किती वेगाने येईल यावर बोलतात. नोव्हेंबर २०२५मध्ये आपल्याच राज्यातल्या क्लीव्हलँड गार्डियन्सच्या दोन पिचर्सवर सरकारी वकिलांनी आरोपपत्र ठेवलं, की सट्टेबाजांना आधी सांगून त्यांनी ठरावीक चेंडू टाकले. त्यांनी आरोप नाकारले आहेत, निकाल न्यायालय देईल. पण मला २००० साल आठवलं. हॅन्सी क्रोनिएने पैसे घेतल्याची कबुली दिली त्यानंतर माझ्या वडिलांनी कित्येक महिने क्रिकेटचा सामना लावला नाही. पुढे लावला, तरी कोणी सोपा झेल सोडला की ते माझ्याकडे बघायचे, काही बोलायचे नाहीत. खेळावरचा विश्वास असा जातो, घराघरात, हळूहळू.

तुमच्या क्लबला तर हे दुसऱ्या कोणी सांगायची गरजच नसावी. १९१९ची वर्ल्ड सिरीज तुम्ही शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध जिंकलीत, आणि नंतर उघड झालं की समोरच्या संघातल्या खेळाडूंनी पैसे खाऊन ती हरली होती. आठ जणांना कायमचं काढलं. त्या वर्षी तुमचे खेळाडू मनापासून खेळले, तरी शंभर वर्षं झाली, त्यांच्या विजेतेपदाचं नाव काढलं की लोक समोरच्यांचं पाप आधी सांगतात. सट्ट्याने निर्दोष माणसाचं काय नुकसान होतं, हे रेड्सइतकं कोणत्या संघाने भोगलंय? आणि १४ मेच्या रात्री समोरचा संघ कोणता होता? व्हाइट सॉक्सच. आदल्याच दिवशी कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी जाहीर केलं होतं की कायमची बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. रोज यांच्याबरोबर १९१९च्या त्या आठ जणांचीही नावं यादीतून गेली. एवढा मोठा दिवस होता. त्या दिवशी बोलण्यासारखं किती होतं!

मी पुतळा हटवा म्हणत नाही. हे नीट वाचा, कारण असं काही लिहिलं की लोक लगेच तेच समजतात. पुतळा राहू द्या, १४ नंबर राहू द्या.

त्या पुतळ्यापाशी मात्र एक फलक लावा. हिट्स आणि विजेतेपदं ज्या अक्षरांत लिहाल त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा, की मॅनेजर असताना त्यांनी आपल्याच सामन्यांवर पैसे लावले, १९८९ साली कायमची बंदी आली, पंधरा वर्षं त्यांनी ते नाकारलं आणि २००४ साली कबूल केलं. आणि लिहा की २०१७ साली एका स्त्रीने शपथेवर सांगितलं की ती अल्पवयीन असताना त्यांनी तिच्याशी संबंध ठेवले, आणि त्यांचं उत्तर काय होतं. दोन्ही बाजू लिहा, पण लिहा. शेजारच्या तुमच्या संग्रहालयातही हेच हवं, कोपऱ्यात नाही, त्यांच्या बॅटजवळ.

त्या स्त्रीच्या शपथपत्राची आम्ही दखल घेतो, असं एक वाक्य क्लबच्या नावाने जाहीर करा. तिचा शोध घेऊ नका, तिला पत्रकारांसमोर आणू नका. एक वाक्य पुरे. ते होत नाही तोवर रोज यांच्या नावाने नवा कार्यक्रम, नवी बाहुली, नवी जर्सी काढू नका.

डिसेंबर २०२७मध्ये हॉल ऑफ फेमची, म्हणजे बेसबॉलच्या सन्मानगृहाची, जुन्या काळातल्या खेळाडूंसाठीची समिती बसेल. रोज यांचं नाव आलं तर सोळा जणांपैकी बारा मतं लागतील. तो निर्णय त्यांचा. तुम्ही क्लब म्हणून त्यासाठी प्रचार करू नका. चाहत्यांनी खुशाल करावा.

आणि मैदानावर जिथे जिथे सट्ट्याची जाहिरात आहे तिथे व्यसनमुक्तीच्या मदतवाहिनीचा नंबर तितक्याच मोठ्या अक्षरांत लावा. आमच्या काकूला असा नंबर कोणी दिला असता तर तिने पहिल्याच वर्षी फिरवला असता.

काकांचा फोटो आजही इचलकरंजीच्या घरात भिंतीवर आहे, हार घातलेला. गेल्या दिवाळीत माझी मुलगी त्या फोटोसमोर उभी होती, तेव्हा काकूने तिला सांगितलं, "तुझ्या आईला खेळायला यांनी शिकवलं बरं का." आणि लगेच पुढे, त्याच सुरात, "आणि माझ्या सासूच्या पाटल्याही यांनीच मोडल्या." मुलीने विचारलं, मग फोटो का ठेवलाय? काकू म्हणाली, "अगं, माझा नवरा होता तो." आणि हार सरळ केला.

आमच्या तीन सीट्सचं या हंगामाचं नूतनीकरण मी केलेलं नाही. तुमच्या कार्यालयातून त्यासाठी दोनदा फोन आला. फोनवरचा मुलगा अतिशय नम्र होता, कारण विचारत होता. मी त्याला म्हटलं, लिहून पाठवते. मार्चमध्ये फिंडले मार्केटची परेड निघेल तेव्हा मुलगी आणि मी दरवर्षीप्रमाणे रस्त्याच्या कडेला उभ्या असू. मैदानात येणार नाही. पुतळ्यापर्यंत चालत येऊ, फलक लागलाय का ते बघू आणि घरी जाऊ. मुलीने १४ची जर्सी टाकून दिलेली नाही, कपाटात घडी करून ठेवली आहे.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
मेसनची एक प्रेक्षक, एका सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलीची आई